शाळा आपली कधी वाटते?

प्रश्न : ताई, मी वडोदऱ्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते आणि या वर्षी सांस्कृतिक समितीचे काम माझ्याकडे आले आहे. गणपतीपासून कोजागिरीपर्यंत शाळेत काही ना काही चालू असते, मुलांची चार हाऊसमध्ये विभागणी आहे, नवरात्रात एका संध्याकाळी डीजे बोलावून गरबाही ठेवला जातो. पण नववी-दहावीची मुले तासभर नाचतात, फोटो काढतात आणि निघून जातात. परीक्षा तोंडावर असताना हा खर्च कशाला, असे पालक विचारतात. मुलांना शाळेविषयी आपलेपणा वाटावा यासाठी नेमके काय करावे?
— एक शिक्षिका, वडोदरा

उत्तर : मुले नाचून निघून जातात, हे तुमचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. डीजे बाहेरचा, मंडप बाहेरचा आणि नाश्ताही बाहेरचा असेल, तर मुलांच्या वाट्याला येणे आणि जाणे एवढेच उरते, आणि ज्या ठिकाणी आपल्यावाचून काहीच अडत नाही तिथे रेंगाळण्याचे त्यांना कारण नसते. मी अनेक वर्षे शाळेत काढली आहेत, त्यावरून सांगते की शाळेविषयीची ओढ भाषणांनी किंवा घोषणांनी निर्माण होत नाही. आपण आज गेलो नाही तर शाळेतले एखादे काम खरोखरच अडेल, हे मुलाला ठाऊक असले की ती आपोआप येते.

म्हणून पहिल्यांदा डीजेला निरोप द्या. गरब्याला गाणारे गळे, ढोलावरचा हात आणि टाळ्यांची लय लागते, आणि हे तिन्ही तुमच्या शाळेत आहेत. युनेस्कोने 2023 मध्ये गरब्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, ते याच सामूहिक गाण्या-नाचण्यामुळे. नववीतून आठ-दहा गाणारी मुले-मुली निवडा, हार्मोनियम आणि दोन ढोल यांची सोय करा आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतर तीन-चार आठवडे तालीम घ्या. डीजेवर जाणाऱ्या पैशांतून ढोल विकत घेतले तर ते शाळेतच राहतील आणि पुढच्या वर्षीच्या नववीला मागच्या नववीकडून शिकता येतील. दहावीच्या मुलांना तालमीत गुंतवू नका; प्रवेशद्वार, पिण्याचे पाणी, चपलांची व्यवस्था आणि लहान मुलांना पालकांच्या हाती सोपवणे ही जबाबदारीची, पण एकाच संध्याकाळपुरती कामे त्यांना द्या. कार्यक्रम साडेआठला संपेल असे पालकांना लेखी कळवा आणि तो त्या वेळी खरोखर संपवा. परीक्षेआधीच्या दहा दिवसांत एकही तालीम नसेल हेही त्याच पत्रात लिहा. पालकांचा विरोध बहुतेक वेळा कार्यक्रमाला नसतो, अनिश्चिततेला असतो.

याच दिवसांत आपला भोंडलाही येतो. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे साधारणपणे 27 सप्टेंबरच्या सुमारास, सोळा दिवसांचा हादगा सुरू होतो. पुष्कळ घरांत नवरात्रापुरताच भोंडला केला जातो. तो मधल्या सुट्टीत वीस मिनिटांत होऊ शकतो. पाचवी-सहावीच्या मुलांनी पाटावर हत्ती काढावा, मराठी मुलींनी घरी आजीकडून एकेक गाणे शिकून यावे आणि खिरापत रोज एका घरून डब्यातून यावी. डबा हलवून, वास घेऊन, गोड की तिखट असे विचारत खिरापत ओळखण्याच्या खेळात भाषेची अडचण फारशी येत नाही. तुमच्या गुजराती विद्यार्थिनींना हे फेर परके वाटणार नाहीत, कारण मध्ये गरबो, म्हणजे आत दिवा असलेला छिद्रांचा घट, ठेवून त्याच्याभोवती फिरणे त्यांनी लहानपणापासून केलेले असते. इथे दिव्याच्या जागी हत्ती आहे, इतकेच. पूर्वी भोंडला मुलींचाच असे, पण शाळेत मुलग्यांना कडेला उभे करू नका. त्यांनाही फेरात घ्या आणि त्यांच्या घरूनही खिरापत मागवा.

हाऊसविषयी माझे मत थोडे कठोर आहे. चार रंगांचे टी-शर्ट आणि वर्षाअखेरीस एक ढाल यांपलीकडे बहुतेक शाळांत हाऊसला अर्थ उरलेला नाही. पाऊस ओसरून मैदान वाळले की खो-खो आणि कबड्डीचे सामने सुरू करा. या खेळांशी तुमच्या शहराचे जुने नाते आहे: वडोदऱ्याच्या हिंद विजय जिमखान्याने 1923 साली हुतुतूचे, म्हणजे आजच्या कबड्डीचे, नियम ठरवून अखिल भारतीय सामने भरवले होते, हे मुलांना मैदानावरच सांगा. खो-खोत एका संघाचे नऊ खेळाडू मैदानात उतरतात, म्हणजे चार हाऊसचे मिळून छत्तीस. उरलेल्या शेकडो मुलांनी केवळ ओरडायचे का? फक्की मारणे, घड्याळ सांभाळणे, गुणलेखन, प्रथमोपचाराची पेटी, सामन्याचा वृत्तान्त लिहून दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी वाचणे, ही कामे नावानिशी वाटून द्या आणि नावे फळ्यावर लावा. पाचवीत मिळालेले हाऊस दहावीपर्यंत बदलू नका, म्हणजे मोठ्या मुलांना लहान मुले नावाने ओळखू लागतील.

कोजागिरीला माजी विद्यार्थ्यांना बोलवा, आणि मसाला दुधाबरोबर गुजराती घरांतले दूध-पौवा, म्हणजे दुधातले पोहेही ठेवा. सव्वाशे माणसांना दीडशे मिलिलीटरचा एकेक पेला द्यायचा तर सुमारे एकोणीस लिटर दूध लागते. ते आटते, म्हणून बावीस लिटर घ्या.

प्रश्न : माझी नात अमेरिकेत हायस्कूलमध्ये आहे. शाळेत ‘होमकमिंग’ आहे, आठवडाभर रोज वेगळा पोशाख करायचा आहे आणि शनिवारी नृत्याचा कार्यक्रम आहे, असे ती फोनवर सांगते. आपल्याला नृत्याला कोणी विचारले नाही म्हणून ती उदास आहे. हे नेमके काय असते आणि मी तिला काय सांगावे?
— एक आजी, वडोदरा

उत्तर : तिथले शालेय वर्ष साधारणपणे ऑगस्टमध्ये किंवा सप्टेंबरच्या आरंभी सुरू होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, झाडांची पाने रंग बदलू लागतात त्या सुमारास, होमकमिंग येते. नावाप्रमाणे हे माजी विद्यार्थ्यांचे घरी परतणे आहे. ही प्रथा विद्यापीठांतून शाळांत आली. मिसुरी विद्यापीठाने 1911 साली फुटबॉलच्या सामन्यासाठी माजी विद्यार्थ्यांना बोलावले, त्याचा उल्लेख या संदर्भात नेहमी होतो, मात्र आरंभाचा मान इतर काही विद्यापीठेही सांगतात. त्यांचा फुटबॉल म्हणजे आपण समजतो तो नव्हे. तो लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ आहे. आठवडाभर ठरलेल्या विषयांचे पोशाख, वर्गावर्गांनी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक, शाळेचा बँड, सामना, मतदानाने निवडलेले ‘राजा’ आणि ‘राणी’, आणि शेवटी नृत्य, असा साधारण क्रम असतो.

नृत्याला जोडीनेच जावे लागते असे नाही; पुष्कळ मुली मैत्रिणींच्या गटाने जातात, हे नातीला आवर्जून सांगा. तिची उदासी मात्र क्षुल्लक मानू नका, कारण त्या वयात सगळी शाळा एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला असे वाटणे फार दुखावणारे असते. पुढच्या वेळी फोनवर तिने कोणता पोशाख केला हे विचारण्याआधी, या सगळ्यात तिच्याकडे कोणते काम आहे हे विचारा. काम नसेल तर मिरवणुकीची गाडी सजवणाऱ्या गटात, बँडमध्ये किंवा वार्षिकांकाच्या छायाचित्रणात शिरायला सुचवा. शंभर जणांच्या बँडमध्ये तुतारी वाजवणाऱ्या मुलीला शुक्रवारी संध्याकाळच्या सामन्याला कुठे बसायचे, हा प्रश्न पडत नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. बाबांच्या बदलीमुळे जुलैत ग्वाल्हेरहून वडोदऱ्याला आलो. गुजराती नीट समजत नाही, गरबा येत नाही आणि वर्गातले गट आधीच ठरलेले आहेत. नवरात्रात शाळेच्या कार्यक्रमाला जाऊ नये असे वाटते.
— एक विद्यार्थी, वडोदरा

उत्तर : तू कार्यक्रमाला अवश्य जा, पण त्याआधी दोन गोष्टी कर. तीन टाळीचा साधा गरबा शेजारच्या कुणा गुजराती काकूंकडून शिकून घे. पावले थोडी आहेत आणि दोन-तीन संध्याकाळी अर्धा अर्धा तास दिलास की ती बसतील. चुकलास तरी पुढच्याच टाळीला परत जुळता येते, कारण तीच पावले पुन्हा पुन्हा येतात. गुजराती समजायला वेळ लागेल, पण मराठी आणि हिंदी येणाऱ्याला ती कानावर पडून पडून लवकर उलगडते, म्हणून मित्रांना तुझ्यासाठी हिंदीत बोलायला लावू नकोस. दुसरी गोष्ट अशी की तयार गटात शिरायला परवानगी मागावी लागते, कामात शिरायला लागत नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत क्रीडाशिक्षकांकडे जा आणि खो-खोच्या सामन्यांना गुणलेखनासाठी कोणी हवे आहे का, ते विचार.