विचारा बिनधास्त : माणूस जर्मनीत, पगार सोलापुरातून

या वेळी तीन पत्रं एकाच जातकुळीची आलीत म्हणून एकत्रच घेते. नावं छापत नाही, आपल्या एमआयडीसीत सगळे सगळ्यांना ओळखतात.

प्रश्न : ताई नमस्कार, अक्कलकोट रोडला आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे, वडिलांपासूनचं. आत्तापर्यंत माल मुंबईच्या मर्चंट एक्स्पोर्टरमार्फत जायचा, आता डायरेक्ट करायचंय. फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनात एक जर्मन बाई भेटल्या, आधी एका मोठ्या बायरकडे खरेदी खात्यात होत्या. फक्त आमच्यासाठीच तिकडे काम करायला तयार आहेत, महिना २,८०० युरो म्हणतायत. आमची तिकडे कंपनी नाही. मी म्हणलं पगार नको, कमिशन एजंट दाखवू आणि महिन्याला ठरलेली रक्कम बँकेतून पाठवू, पीएफबिएफची कटकट नको. त्या रोज सकाळी नऊला व्हॉट्सॲपवर रिपोर्ट देणार, ईमेल आणि व्हिजिटिंग कार्ड आमच्या कंपनीचं, सुट्टी आम्हाला विचारून, आणि थोडे कार्टन त्यांच्या गॅरेजमध्ये ठेवायचे म्हणजे छोट्या ऑर्डरी तिथूनच निघतील. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार मालक, आणि का नाही ते तुम्ही स्वतःच पत्रात लिहून पाठवलंय. नऊचा रिपोर्ट, तुमचं कार्ड, तुमची परवानगी, दरमहा ठरलेली रक्कम आणि दुसरा कुठला क्लायंट नाही, ही नोकरी झाली. कागदावर एजंट लिहा नाहीतर पाहुणी लिहा, जर्मनीत कागदाचं नाव बघत नाहीत, रोजचं काम कसं चालतं ते बघतात. आणि माणूस ज्या मातीवर बसून काम करतो तिथला कामगार कायदा आणि तिथला सोशल इन्शुरन्स लागतो, मालक सोलापुरात बसलाय की सिंगापुरात याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं.

उद्या त्या बाईंशी तुमचं फाटलं, किंवा त्या आजारी पडून दवाखान्यात गेल्या आणि तिथं इन्शुरन्सचा प्रश्न निघाला, की प्रकरण बाहेर येतं. मग मागची वर्गणी भरायची ती मालकाने, स्वतःचा वाटा आणि कामगाराचाही. कामगाराचा थकलेला वाटा तुम्ही साधारण फक्त पुढच्या तीन पगारांतून कापू शकता, त्याच्या आधीचं सगळं तुमच्या खिशातून. वसुली चार वर्षं मागे जाते, आणि मुद्दाम बुडवलं असं ठरलं तर तीस वर्षं. शंका असेल तर जर्मन पेन्शन इन्शुरन्सकडे आधीच अर्ज करून ही नोकरी आहे की स्वतंत्र धंदा हे ठरवून घेता येतं, तुम्हीही अर्ज करू शकता आणि त्याही.

बरं, खरोखरची एजंट ठेवली तर? म्हणजे त्या स्वतःच्या वेळेने काम करतील, आणखी दोन कंपन्यांचा माल विकतील, ऑर्डर आली तर कमिशन नाहीतर काही नाही. हे कायदेशीर आहे, पण आपल्याकडच्यासारखं उद्यापासून येऊ नका म्हणून सुटत नाही. जर्मन व्यापारी कायद्यात एजंटचा करार संपवला आणि तिने आणलेले गिऱ्हाईक पुढेही तुमच्याकडून घेत राहिले तर तिला भरपाई मागता येते, जास्तीत जास्त एका वर्षाच्या सरासरी कमिशनएवढी. आणि करारात "सोलापूर न्यायालयाचे अधिकारक्षेत्र" टाकून यातून निसटू म्हणाल तर २००० सालीच युरोपच्या न्यायालयाने कॅलिफोर्नियाच्या एका कंपनीला सांगून टाकलंय की एजंट इकडे युरोपात काम करत असेल तर तुमच्या करारात कुठला का कायदा लिहिलेला असेना, इकडचं संरक्षण त्याला मिळणारच.

आता नोकरीवरच घ्यायचं ठरवलं तर पहिलं विचारा, २,८०० हे कापाकापीच्या आधीचे की हातात पडणारे? हा प्रश्न न विचारता मेलवर "ओके डन" लिहिणारे भरपूर भेटतात मला. जर्मन माणूस शक्यतो आधीचाच आकडा बोलतो, पण लिहून घ्या, कारण हातात २,८०० पडायचे असतील तर मूळ पगार चार हजारांच्या वर जातो. आधीचे २,८०० धरले तर त्यावर पेन्शन, आरोग्य, काळजी (म्हातारपणी लागणारी सेवाशुश्रूषा) आणि बेकारी विम्याचा मालकाचा वाटा साधारण एकवीस टक्के, शिवाय अपघात विमा आणि किरकोळ आकारणी पूर्ण मालकाची. म्हणजे तुमच्या खात्यातून महिन्याला साडेतीन हजार युरो जाणार असं धरूनच टॉवेलचा भाव काढा, किलोमागे किती सुटतं ते तुम्हाला माहीत.

तिकडे कंपनी नसली तरी नोकरीवर ठेवता येतं हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. तुमच्या युनिटला तिथला मालक क्रमांक काढावा लागतो, मग तिथलं एखादं पेरोल ब्युरो दर महिन्याला पगारपत्रक आणि विम्याचे रिटर्न करतं. जर्मनीत तुमचं ऑफिसबिफिस काही नसेल तर पगारातून इन्कम टॅक्स कापायची जबाबदारी तुमच्यावर येत नाही, त्या स्वतः ॲडव्हान्स भरतात. पण विम्याची वर्गणी चालू महिन्याचीच, महिना संपायच्या आत, शेवटून तिसऱ्या बँक दिवसाला जमा व्हायला लागते. आपल्याकडं पगार सात-दहा तारखेला आणि पीएफ पंधराला ही सवय हाडात मुरलीय म्हणून मुद्दाम सांगते, तिथं सत्तावीस तारखेला पैसे पोचलेले हवेत म्हणजे सोलापूरच्या बँकेतून वीस-बावीसलाच सोडायचे.

बाकी सुट्टी आठवड्याला पाच दिवस काम धरून वर्षाला किमान वीस दिवस, सणाच्या वेगळ्या. नोकरीला चार आठवडे झाले की आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मालकाने द्यायचा. प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत ठेवता येतं, त्या काळात दोन आठवड्यांची नोटीस, पुढं किमान चार आठवडे. काढून टाकायचं पत्र कागदावर, खरी सही करून, हातात पोचवायचं. व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने काढलं तर ते काढणंच होत नाही, आणि पगाराचं मीटर चालू राहतं. तुमच्याकडे तिथं एकच माणूस असल्याने कडक नोकरी-संरक्षण कायदा लागणार नाही, तो दहापेक्षा जास्त माणसं असतील तर लागतो, एवढाच काय तो दिलासा.

गॅरेजमधल्या कार्टनचा विचार मात्र आत्ताच सोडा, निदान टॅक्सवाल्याला विचारल्याशिवाय नको. मालाचा साठा ठेवून तिथूनच डिलिव्हरी, किंवा त्या बाई तुमच्या वतीने सौदे पक्के करायला लागल्या, की तुमचा तिथं धंद्याचा कायम ठिकाणा आहे असं जर्मन टॅक्स खातं म्हणू शकतं, मग नफ्याच्या काही भागावर तिकडे टॅक्स आणि वर सांगितलेली इन्कम टॅक्स न कापायची सूटही गेली. सॅम्पल ठेवा, माल नको. भाव आणि सही सोलापुरातूनच होऊ दे.

काही कंपन्या अशा आहेत की त्या बाईंना स्वतःच्या पगारपत्रकावर घेतात आणि बाई काम तुमचं करतात, तुम्ही फक्त महिन्याचं बिल भरायचं. सोपं पडतं, पण जर्मनीत बहुतेक वेळा हे माणूस भाड्याने देण्यात मोडतं, त्याला लायसन लागतं आणि एकाच ठिकाणी साधारण अठरा महिन्यांची मर्यादा आहे. लायसनची कॉपी मागा. शिवाय त्या बिलावर आपल्याकडे बहुतेक वेळा रिव्हर्स चार्जने जीएसटी तुम्हालाच भरावा लागतो, पगारावर मात्र जीएसटी नसतो. पहिलं वर्ष अंदाज घ्यायला हा मार्ग मला बरा वाटतो, बाईंचं काम जमतंय असं दिसलं की मालक क्रमांक काढा.

पैसे पाठवायचे ते कंपनीच्या खात्यातून, बँकेला करार आणि पगारपत्रक दाखवून, योग्य पर्पज कोड (पैसे कशासाठी जातायत ते सांगणारा) टाकून. परदेशी पैसे पाठवताना लागणारे, ज्यांना सगळे १५सीए-१५सीबी म्हणून ओळखतात ते फॉर्म १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कसे भरायचे ते सीएकडून एकदा बघून घ्या. जर्मनीत बसून जर्मन बाईंनी केलेल्या कामाच्या पगारावर सहसा भारतात टॅक्स लागत नाही, पण ते कागदावर दाखवावं लागतं. मुलाच्या नाहीतर बायकोच्या पर्सनल खात्यातून, परदेशी पैसे पाठवायच्या अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत पाठवू असं कोणी सुचवलं तर ऐकू नका, ती सोय माणसांसाठी आहे, कंपनीचा पगार द्यायला नाही.

प्रश्न : आम्ही शाळेचे युनिफॉर्म शिवतो, दुबईला चांगली मागणी आहे. तिथल्या एका ओळखीच्या दुकानात आमचा एक कारागीर बसवायचाय, मापं घेणं आणि फिटिंग करणं. व्हिजिट व्हिसावर पाठवायचा आणि पगार इथंच त्याच्या घरी द्यायचा असं मित्र म्हणतो. पोरगा आठवी शिकलाय पण हात सोन्याचाय.

उत्तर : मित्राला म्हणावं तू जा आधी. व्हिजिट व्हिसावर काम करणं यूएईत गुन्हा आहे आणि २०२४ च्या बदलानंतर परमिटशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्याला एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. तो त्या दुकानदाराच्या डोक्यावर बसणार, आणि पोरगा अडकला तर इकडं त्याच्या आईला उत्तर द्यायला तुम्हीच जाणार.

तुमचं तिथं लायसन नाही म्हणजे व्हिसा तुम्ही काढू शकत नाही. एकतर दुकानदाराने स्वतःच्या लायसनवर परमिट काढून त्याला नोकरी द्यायची आणि तुम्ही दुकानदाराशी मालाच्या भावात ते जुळवून घ्यायचं, नाहीतर तुम्ही फ्री झोनमध्ये छोटी कंपनी काढायची. तो दुसरा मार्ग खर्चाचा आहे, इकडून गुंतवणुकीचे आरबीआयचे नियम लागतात, दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत रिपोर्ट द्यावा लागतो, आणि फ्री झोनच्या व्हिसावर बाहेरच्या दुकानात बसायची परवानगी आपोआप मिळत नाही. एका कारागिरासाठी एवढा खटाटोप मी तरी करणार नाही.

दुकानदाराने ठेवलं तर पगार तिथंच द्यायचा, साध्या दुकानाच्या नोकरीत तो सरकारच्या वेतन संरक्षण प्रणालीतून जातो, तारीख चुकली की खात्याला लगेच दिसतं. व्हिसा-परमिटचा खर्च मालकाचा, पोराच्या पगारातून कापायचा नाही, हे आपल्याकडचे एजंट सांगतच नाहीत. एक वर्ष पूर्ण झालं की सोडताना ग्रॅच्युइटी, पहिली पाच वर्षं दर वर्षाला एकवीस दिवसांचा मूळ पगार, पुढं तीस दिवसांचा. इन्कम टॅक्स पगारावर नाही. आणि पोरगा आठवी पास म्हणजे त्याचा पासपोर्ट ईसीआरचा (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी लागणारा) असणार, यूएईला नोकरीसाठी जायचं तर एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून निघतो. तो न घेता विमानतळावर गेला तर तिथूनच परत.

प्रश्न : मी जुळे सोलापुरात घरी बसून अमेरिकेतल्या एका फर्मचं बुककीपिंग करते, डॉलरमध्ये पैसे येतात. ते म्हणतात तू एम्प्लॉयी नाहीस, कॉन्ट्रॅक्टर आहेस, एक फॉर्म भर. पीएफ मागू का? घरचे म्हणतात फसवायलेत.

उत्तर : फॉर्म डब्ल्यू-८बेन असेल तर फसवत नाहीत गं, तू अमेरिकन नाहीस एवढंच त्यात लिहून द्यायचं असतं, आणि काम भारतात बसून करतेस म्हणून तिकडे त्यावर टॅक्स कापायचं कारण नसतं. पीएफ कॉन्ट्रॅक्टरला मिळत नाही. त्यांची भारतात कंपनी नसेल तर ते स्वतःहून काही काढून देणारही नाहीत, तेव्हा मागायचंच तर रेट वाढवून माग, सुट्टी आणि आजारपणाचे पैसे त्यातच धरून. दिवसभर फक्त त्यांचंच काम आणि वेळही त्यांचीच असेल तर वर टॉवेलवाल्या मालकांना जे लिहिलंय ते तुझ्या बाजूनेही खरं आहे, पण सोलापुरातून अमेरिकन फर्मशी ते भांडत बसण्यापेक्षा करारात महिनाभराची नोटीस आणि थकलं तर काय हे दोन मुद्दे लिहून घे.

इकडचा टॅक्स तुझा तूच भरायचा. अकाउंटन्सी ठरावीक व्यवसायांत येते, त्यामुळे वर्षाची जमा ७५ लाखांच्या आत आणि सगळी बँकेतून असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न दाखवून हिशोबाच्या वह्या न ठेवता रिटर्न भरता येतो. जमा वीस लाखांच्या वर गेली की जीएसटी नंबर, आणि एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) दिलं की परदेशी बिलावर जीएसटी शून्य. बँकेकडून प्रत्येक जमेचं परकीय चलनाचं सर्टिफिकेट मागून ठेव, आणि ॲडव्हान्स टॅक्स १५ मार्चच्या आत भर, नाहीतर व्याज लागतं.