पुण्यात ऑफिस टाकण्याआधी वसुली बघा भाऊ

भाऊ, तुमची धुळ्यात दोन वर्षांपासून ऑनलाइन जाहिरातींची एजन्सी, तीन मुलं कामाला, सहा क्लायंट, आणि आता पुण्यात ऑफिस टाकू का असं विचारताय. जाता जाता हेही सांगितलंत की मागच्या महिन्यात मुलांचे पगार 17 तारखेला झाले. पुण्याचं राहू द्या, मला तर ते पगाराचंच टोचलं.

मी जळगावात 2018 पासून हेच करतोय. 2021 च्या दिवाळीनंतर माझं दुकान बंद होता होता वाचलं, आणि तेव्हाच माझ्याकडे सगळ्यात जास्त क्लायंट होते. एक मोठा होता, नाव नको, निम्मी कमाई त्याच्याकडूनच. त्याच्या अ‍ॅडचे पैसे माझ्या क्रेडिट कार्डवरून कटायचे आणि तो मागाहून द्यायचा. धनत्रयोदशीला बजेट तिप्पट करा म्हणाला, केलं, गर्दीही झाली, मग "दिवाळी होऊ द्या", मग "लग्नसराई होऊ द्या". कार्डाचं बिल थोडंच थांबतं. वर मी जीएसटीचं बिल फाडून बसलेलो, आणि एकदा बिल काढलं की 18 टक्के पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरायचेच, समोरच्याने दिले का नाही दिले कोणी विचारत नाही. बायकोने पाटल्या काढून रुमालात बांधून दिल्या, एक शब्द बोलली नाही. त्यातून पगार केले. तो रुमाल मी अजून ठेवलाय.

त्या दिवसापासून अ‍ॅड अकाउंट क्लायंटचं, कार्ड क्लायंटचं, आपल्याकडे फक्त पार्टनर अ‍ॅक्सेस, म्हणजे ते अकाउंट चालवायची परवानगी. आपली फी महिना सुरू व्हायच्या आधी. जुने दोन क्लायंट यावरून सोडून गेले, वाईट वाटलं, पण जाऊ दिले. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर आजच करा, फुकट होते. मग क्लायंटला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात असा कायदाच आहे, आणि 2024-25 च्या असेसमेंट वर्षापासून आयकरातही आलंय की मुदतीत दिले नाहीत तर क्लायंटला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरता येतो. हे आपण सांगून उपयोग नाही, त्यांच्या सीएने सांगितलं की मार्चमध्ये बरोबर फोन येतो. आणि कुठलाही एक क्लायंट कमाईच्या चौथ्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका, हा माझा स्वतःचा हिशोब आहे, पण मी तो मोडत नाही.

आता पुण्याचं. तिथे तुम्ही शेकडो एजन्सींपैकी एक, भाडं मात्र पुण्याचं. इथे तुम्हाला जे कळतं ते त्यांना कळत नाही. माझा एक ठिबकवाला डीलर आहे, त्याचा व्हिडिओ पुस्तकी मराठीत केला तर कोणी पूर्ण बघेना. मग त्याच्याच दुकानातल्या पोऱ्याला कॅमेऱ्यासमोर उभा केला आणि अहिराणीत बोल म्हटलं, अमळनेर-पारोळ्याकडून धडाधड फोन. तोच व्हिडिओ यावल-रावेरकडे थंड, कारण तिकडे लेवा बोली, मग फैजपूरचा माणूस शोधून परत शूट केलं. केळीवाला माणूस कटाई चालू असताना फोन उचलत नाही, हे पण इथे राहूनच कळतं.

आणि लीड, म्हणजे अ‍ॅड बघून चौकशी करणाऱ्यांचे नंबर, देऊन मोकळे होऊ नका. नंबर एक्सेलमध्ये पडून राहतात, दुकानात कोणी फोन करत नाही, आणि मग म्हणतात अ‍ॅड चालत नाही. पहिला आठवडा मुलाला तिथेच बसवा, स्वतः फोन करून दाखवू द्या. माझे जे क्लायंट चार-चार वर्षं टिकलेत ते याच्यामुळेच.

सहाही जणांकडे किती येणं बाकी आणि किती दिवसांचं, तेवढं इथे टाका, आधी कोणाशी बोलायचं ते बसून काढू.