प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कार्यक्रमांमुळे स्तनपान खरोखर वाढते का?

भिंतीवरच्या घोषणांनी आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातल्या जागतिक स्तनपान सप्ताहाच्या कार्यक्रमांनी काही फरक पडतो का, असे आपण विचारले आहे. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका आहे. माझ्या मते एवढ्याने फारसा पडत नाही, कारण सहा महिने निव्वळ अंगावर पाजावे हे आता बहुतेक आयांना पाठ असते. अडते ते कसे पाजावे यावर आणि ‘दूध पुरत नाही’ या धास्तीवर.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे आरोग्यसंस्थांत झाली, तरी पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बालके ४१.८ टक्केच होती. बाळ दवाखान्यात जन्मते आणि तो तास पुसणे, वजन, नातेवाइकांना दाखवणे यातच निघून जातो, चीक, म्हणजे आईचे पहिले घट्ट दूध, मिळायचा तो राहतो.

२०१६ साली केंद्र सरकारने ‘मा’ हा स्तनपानाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात आशाताईंनी माता-बैठका घ्यायच्या असतात. त्या बैठकांपेक्षा मला आशाताईंच्या गृहभेटी अधिक मोलाच्या वाटतात. दवाखान्यात बाळंतपण झाले असल्यास या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी होतात. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास दूध उतरते, छाती दाटून येते, बाळ किरकिरते आणि घरातले कोणीतरी वरच्या दुधाची किंवा मधाचे बोट लावण्याची गोष्ट काढते. अशा वेळी व्याख्यान कामाचे नाही. शेजारी बसून एकदा पाजताना पाहावे लागते. बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकलेले आहे का, तोंड मोठे उघडून बोंडीभोवतीचा काळा भागही त्याने घेतला आहे का, खालचा ओठ बाहेर वळला आहे का, हे तपासले की पुष्कळदा दुखणे आणि रडणे दोन्ही कमी होते. सासूबाईंनाही तिथेच सांगावे की रडणारे प्रत्येक बाळ उपाशी नसते; पहिल्या आठवड्यानंतर ते दिवसरात्रीत सहा-सात वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे.

जिथे हा कार्यक्रम तोकडा पडतो ती बाजू मजुरीची. सव्वीस आठवड्यांची पगारी रजा नोकरदार बाईला मिळते. ऊसतोडीला किंवा खुरपणीला जाणारी बाई दीड-दोन महिन्यांत कामावर परतते. तिला हाताने दूध काढून स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात ठेवायला आणि घरच्यांना ते वाटी-चमच्याने पाजायला शिकवता येते. फडावर पाळणाघर मात्र आरोग्य खात्याच्या हातात नाही.