तुमचा सीव्ही सध्या कुणाकुणाकडे आहे?

प्रश्न : उत्पादन विभागाचा प्रमुख आहे, अठरा वर्षांचा अनुभव आहे. चाळीस सर्च फर्मना सीव्ही पाठवला, पण दोघांखेरीज कुणी साधी पोचही दिली नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : सीव्हीत खोट आहे असं लगेच धरून चालू नका. सर्च फर्म तुमच्यासाठी नोकरी शोधत नसते, कंपनीसाठी माणूस शोधत असते. फीसुद्धा कंपनीच देते. सीव्ही पोचला त्या दिवशी तुमच्याजोगं पद त्यांच्या हातात नसेल तर तो डेटाबेसमध्ये जाऊन पडतो. पुढे कधीतरी कुणी पद, उद्योग आणि कौशल्य यांचे शब्द टाकून शोध घेतला, की तो वर येतो किंवा येत नाही.

म्हणून आधी फाइलकडे पाहा. दोन रकाने, चौकटी, चित्रं असली की सॉफ्टवेअर मजकूर उलटसुलट वाचतं. फोन नंबर आणि ईमेल पानाच्या हेडरमध्ये असतील तर काही वेळा ते वाचलेच जात नाहीत, त्यामुळे ते मुख्य मजकुरात घ्या. तुमच्या कंपनीतलं पदनाम बाहेर कुणाला कळण्यासारखं नसेल तर शेजारी रूढ नाव लिहा.

मग यादी छाटा. तुमच्या उद्योगात आणि तुमच्या पातळीवरची पदं भरणाऱ्या आठ-दहा फर्म पुरेत. प्रत्येक ठिकाणी तो उद्योग सांभाळणारा सल्लागार शोधून त्याच्या नावाने लिहा. पत्र सहा-सात ओळींचं असावं : सध्याचं पद, हाताखाली किती माणसं, किती उलाढालीची जबाबदारी, कोणतं पद हवं, गाव बदलायची तयारी आहे का, नोटीस किती आणि पगाराचा अंदाज. पगाराचा आकडा अनेकजण टाळतात, पण त्यावाचून सल्लागाराला तुम्हाला कुठल्या पदाशी जोडायचं हेच कळत नाही. त्यानंतर दर आठवड्याला फोन करू नका. पद, जबाबदारी किंवा नोटीस बदलली की दोन ओळी कळवा.

तुम्हाला नको असलेल्या पदासाठी फोन आला तरी दहा मिनिटं द्या, आणि त्या कामाला लायक माणूस माहीत असेल तर त्याला विचारून त्याचं नाव सुचवा. वरच्या पदांचा शोध बराचसा अशा विचारपूशीवरच चालतो. ज्याने नीट माहिती दिली त्याची नोंद राहते.

प्रश्न : एका कंपनीत माझा सीव्ही दोन कन्सल्टंटकडून गेला. कंपनीने मुलाखतीआधीच नकार दिला. दोघांनी पाठवला तर बिघडलं कुठे?

उत्तर : बिघडलं ते फीच्या वादामुळे. काही फर्म 'रिटेन्ड' पद्धतीने काम करतात : पद एकाच फर्मकडे असतं, फी साधारणपणे पहिल्या वर्षाच्या पगाराच्या एक तृतीयांश, आणि ती हप्त्याहप्त्याने मिळते. दुसऱ्या पद्धतीत नेमणूक झाली तरच फी मिळते. तिथे एकाच पदामागे तीन-चार फर्म धावतात आणि जिचा सीव्ही आधी पोचला तिचा हक्क, असा प्रघात आहे. कंपनीशी असलेल्या करारानुसार हा हक्क अनेकदा सहा महिने ते वर्षभर टिकतो. एकाच उमेदवारावर दोघींनी दावा केला की कंपनी भांडणात पडण्याऐवजी उमेदवारच बाजूला ठेवते. तुमची काही चूक नसताना संधी हातची जाते, आणि याचं वाईट वाटणं साहजिक आहे.

यावर उपाय आहे तो लेखी परवानगीचा. प्रत्येक कन्सल्टंटला ईमेलने कळवा : 'कंपनीचं नाव सांगून माझा होकार घेतल्याशिवाय सीव्ही पुढे पाठवू नये.' एका वहीत तारीख, फर्म, कंपनी आणि पद टिपत जा. दुसऱ्याने तेच नाव घेतलं तर तिथेच सांगा की सीव्ही आधीच गेला आहे.

रिटेन्ड शोधात कंपनीचं नाव सुरुवातीला गुप्त असू शकतं, आणि त्यात वावगं काही नाही. तोवर एवढं विचारा : हे पद फक्त तुमच्याकडेच आहे का, पद रिकामं का झालं, ते कुणाच्या हाताखाली आहे, पगाराची मर्यादा किती, निर्णय कधीपर्यंत. नाव कळेपर्यंत संदर्भ देणाऱ्यांचे फोन नंबर देऊ नका, नाहीतर तुमच्या शोधाची बातमी सध्याच्या साहेबांपर्यंत पोचू शकते.

प्रश्न : एका फर्मने 'नोंदणी शुल्क' मागितलं आहे. भरावं का?

उत्तर : नाही. सर्च फर्म उमेदवाराकडून पैसे घेत नाही. सीव्ही लिहून देणं किंवा मुलाखतीची तयारी करून घेणं या वेगळ्या सेवा आहेत. त्या विकत घेतल्या म्हणून कोणत्याही पदाची हमी मिळत नाही.

प्रश्न : ऑफर हातात आहे. सध्याची कंपनी पगार वाढवून थांबवू पाहते आहे. रिक्रूटरला सांगावं का?

उत्तर : त्याच दिवशी सांगा. खरं तर हा विचार शेवटच्या मुलाखतीआधीच व्हायला हवा : केवळ पगार वाढला तर तुम्ही थांबाल का? उत्तर 'हो' असेल तर आधी आपल्या साहेबांशी बोला. ऑफर स्वीकारून मागे फिरलात तर रिक्रूटरला शोध पुन्हा सुरू करावा लागतो आणि तुमच्या नावापुढे तशी नोंद होते. रुजू होऊन लगेच सोडलंत तरी अडचण त्याचीच, कारण ठरलेल्या मुदतीत, बहुधा तीन महिन्यांत, माणूस गेला तर फर्मला अनेकदा बदली उमेदवार फुकट द्यावा लागतो. नकारच द्यायचा असेल तर कारणासह, फोनवर, आणि ऑफर स्वीकारण्याआधी द्या.