वैयक्तिक ब्लॉगचे परीक्षण: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

वैयक्तिक ब्लॉगांचे लेखन आणि मांडणी यांचे मूल्यमापन कसे करावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहे. काही पत्रे परीक्षकांची आहेत, तर काही ज्यांच्या ब्लॉगांचे परीक्षण झाले त्यांची आहेत.

प्रश्न: आमच्या वाचक मंडळाने वैयक्तिक ब्लॉगांची स्पर्धा ठेवली असून तीन परीक्षकांपैकी मी एक आहे. लेखनाला ५० आणि मांडणीला ५० असे गुण ठरले आहेत. ४० ब्लॉग वाचायचे आहेत. सुरुवात कोठून करावी?

शक्य असल्यास आधी आयोजकांशी बोलून ही निम्मी-निम्मी विभागणी बदलून घ्यावी. सुंदर मांडणीच्या पण सांगण्यासारखे काहीच नसलेल्या ब्लॉगकडे वाचक दुसऱ्यांदा फिरकत नाही. उलट अगदी साध्या पानावर चांगले लिहिलेले असेल, तर तो पत्ता जपून ठेवतो. मांडणी लेखनाला तारू शकत नाही, मात्र लेखनापर्यंत पोहोचू न देण्याची ताकद तिच्यात नक्की असते. म्हणून मी लेखनाला ७० आणि मांडणीला ३० गुण ठेवते, आणि मांडणीचे गुण देताना ‘किती सजवले आहे’ यापेक्षा ‘वाचताना कोठे अडले’ हा प्रश्न विचारते.

दुसरी गोष्ट वाचण्याच्या क्रमाची. ब्लॉग हा एक लेख नसतो, ती काळाबरोबर वाढत गेलेली वही असते. अमेरिकी ब्लॉगलेखक जॉर्न बार्गर यांनी १९९७ मध्ये ‘वेबलॉग’ हा शब्द वापरला, तो इंटरनेटवर जे वाचले त्याच्या नोंदवहीसाठी. १९९९ मध्ये अमेरिकी डिझाइनर पीटर मर्होल्झ यांनी त्याची ‘वी ब्लॉग’ अशी फोड केली आणि पुढे नुसता ‘ब्लॉग’ उरला. नोंदवहीचा हा स्वभाव अजूनही कायम आहे: प्रत्येक नोंदीवर तारीख असते आणि सर्वांत नवी नोंद सर्वांत वर दिसते. परीक्षकाची फसगत येथेच होते, कारण वरची नोंद बहुधा स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. म्हणून प्रत्येक ब्लॉगमधील निदान पाच नोंदी वाचाव्यात: सर्वांत नवी, सर्वांत जुनी आणि मधल्या काळातील तीन, त्या तिन्हींपैकी एक तरी अगदी लहान असावी. लहान नोंदीत लेखकाचा हात उघडा पडतो. पाल्हाळाला तेथे जागाच नसते.

४० ब्लॉगांच्या पाच-पाच नोंदी म्हणजे २०० नोंदी झाल्या. एका बैठकीत सहा-सात ब्लॉगांपेक्षा अधिक वाचू नयेत आणि तिन्ही परीक्षकांनी वेगवेगळ्या क्रमाने वाचावे, म्हणजे तिघांचाही थकवा एकाच ब्लॉगच्या वाट्याला येणार नाही. पहिल्या पाच ब्लॉगांना लगेच गुण देऊ नयेत. आपली पट्टी तेव्हा ठरलेली नसते. सर्व वाचून झाल्यावर त्यांच्याकडे परत यावे.

दृश्याचा प्रभाव किती लवकर पडतो हेही ध्यानात असू द्यावे. कॅनडातील गिटे लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की एखादे वेबपान अवघे ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, दाखवले तरी ते आकर्षक आहे की नाही याविषयी पाहणाऱ्याचे मत बनते. एक शब्द वाचायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे आपण लेखन वाचू लागतो तेव्हा मनाचा कौल एकीकडे झुकलेला असतो. यावर माझा उपाय असा आहे, की पाचांपैकी दोन नोंदी मी ब्राउझरच्या वाचन-पद्धतीत, म्हणजे रंग, चित्रे आणि बाजूच्या पट्ट्या गळून केवळ मजकूर उरतो अशा रूपात, आधी वाचते. ब्लॉगचे खरे रूप मग पाहते.

लेखनात काय शोधावे, असे आपण विचारलेले नाही, पण खरा प्रश्न तोच आहे. वैयक्तिक ब्लॉगमध्ये मी एकच गोष्ट आधी शोधते: याच माणसाने लिहिली म्हणून आली, एरवी आली नसती, अशी ओळ येथे आहे का? ‘पाऊस आला आणि मन प्रसन्न झाले’ हे वाक्य कोणाच्याही ब्लॉगवर चालेल. ‘गळणाऱ्या छताखालची बादली रात्रीतून दोनदा रिकामी करावी लागते, म्हणून पावसाळ्यात मी गजर लावून झोपतो’ हे वाक्य एकाच माणसाचे आहे, आणि त्याला प्रसन्न वाटते की नाही हे त्याने सांगितले नसले तरी आपण पुढे वाचतो. यानंतर पहिला परिच्छेद हाताने झाकून पाहावा. पुष्कळ ब्लॉगलेखक तो परिच्छेद ‘बरेच दिवस लिहायला वेळ मिळाला नाही’ अशा सबबीत किंवा विषयाच्या महत्त्वाची ग्वाही देण्यात घालवतात. झाकल्यावर काहीच हरवत नसेल, तर लेखकाने मजकूर प्रसिद्ध करण्यापूर्वी पुन्हा वाचलेला नाही, असे समजायला हरकत नाही. ब्लॉगला संपादक नसतो. संपादकाचे काम लेखकालाच स्वतःवर करावे लागते, आणि ते केले आहे की नाही हे परीक्षकाने अवश्य पाहावे. जुन्या नोंदीपासून नव्या नोंदीपर्यंत लेखकाची दृष्टी किंवा भाषा कोठे बदलली, हेही टिपावे. माझ्या गुणपत्रिकेत त्याला वेगळा रकाना आहे.

प्रश्न: परीक्षकांनी माझ्या ब्लॉगची मांडणी ‘जुनाट’ म्हणून गुण कापले. मी तयार टेम्प्लेट, म्हणजे पानाचा आयता साचा, वापरते. मला त्यातले तांत्रिक काही येत नाही. हे न्याय्य आहे का?

नाही. ‘जुनाट’ हे आवडीनिवडीचे विशेषण आहे, दोष नव्हे. परीक्षकाने दोष दाखवायचा तो असा असावा, की ज्याने वाचणाऱ्याला खरोखर त्रास होतो. असे दोष बरेचसे मोजता येतात, आणि ते स्वतःच तपासून पाहणे आपल्यालाही अवघड नाही.

सर्वांत जास्त त्रास फिकट अक्षरांचा होतो. वेबपाने सर्वांना वापरता यावीत यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने जी मार्गदर्शक तत्त्वे केली आहेत, त्यांनुसार अक्षरांचा रंग आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील गुणोत्तर साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ असावे. पांढऱ्यावर काळे असेल तर ते २१ ला १ भरते, म्हणजे हातात जागा भरपूर असते. तरीही पांढऱ्या पानावर फिकट राखाडी अक्षरे ठेवण्याची हौस अनेक टेम्प्लेटांना आहे आणि ती या मर्यादेत बसत नाहीत. मजकुरामागे छायाचित्र असेल तर हे गुणोत्तर ओळीगणिक बदलते. तेथे गुण कापले तर मी परीक्षकाच्या बाजूने उभी राहीन. तीच तत्त्वे असेही सांगतात, की अक्षरे दुप्पट मोठी केली तरी मजकूर कापला जाऊ नये, आणि तीन सेकंदांहून अधिक काळ आपोआप वाजणारा आवाज वाचकाला थांबवता यावा.

देवनागरीचे काही प्रश्न वेगळे आहेत आणि रोमन लिपीसाठी तयार झालेल्या टेम्प्लेटांत ते सर्रास दिसतात. आपल्या अक्षरांच्या वर मात्रा, वेलांटी, रफार असतात आणि खाली उकार असतात; त्यांना जागा ठेवावी लागत असल्यामुळे त्याच मापाचे देवनागरी अक्षर डोळ्यांना लहान दिसते. ब्राउझरचे मूळ माप १६ पिक्सेल असते. मराठी मजकुराला मी १८ ते २० सुचवते. ओळींमधील अंतर अक्षराच्या दीडपटीहून कमी असेल, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. अक्षरांमध्ये मोकळी जागा वाढवण्याची सोय रोमन शीर्षकांना शोभते, पण देवनागरीत तिने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे झाल्यासारखे दिसतात. दोन्ही कडा सरळ केल्या, की लांब मराठी शब्दांमुळे ओळीत मोठी भगदाडे पडतात, विशेषतः फोनवर. डावी कडा सरळ ठेवून उजवी मोकळी सोडणे केव्हाही बरे. तिरप्या अक्षरांची परंपरा आपल्या लिपीत नाही, त्यामुळे संपूर्ण परिच्छेद तिरपा केला तर तो ठसत नाही, थकवतो.

तयार टेम्प्लेट वापरल्याबद्दल गुण कापू नयेत. पुष्कळ टेम्प्लेटांमधून आपण कोणते निवडले आणि त्यात काय काढून टाकले, यात आपली पारख दिसतेच. घड्याळ, भेटींचा आकडा, सरकती पट्टी, कोणी न वापरलेल्या वर्गांची लांबलचक यादी यांपैकी जे आपल्याला स्वतःला कधी लागले नाही, ते काढावे. याउलट तीन गोष्टी मात्र असाव्यात: प्रत्येक नोंदीची तारीख, लिहिणारे कोण आहे हे सांगणारे चार ओळींचे पान, आणि पहिल्या नोंदीपर्यंत जाण्याची वाट. चित्रांना पर्यायी मजकूर दिला, तर पडद्यावरचे ऐकून वाचणाऱ्या अंध वाचकालाही आपल्या छायाचित्रात काय आहे ते कळते. मी परीक्षक असते, तर यासाठी गुण वाढवून दिले असते.

प्रश्न: एका स्पर्धकाने आईच्या शेवटच्या आजारपणाविषयी लिहिले आहे. त्याला कमी गुण देताना अपराधी वाटते. दुःखाला गुण कसे द्यावेत?

दुःखाला गुण द्यायचेच नाहीत. ते कोणाचे मोठे आणि कोणाचे लहान हे ठरवण्याचा अधिकार परीक्षकाला कोणी दिलेला नाही. गुण सांगण्याला आहेत: काय निवडले, काय गाळले, कोठे थांबले. आजारपणावरील अनेक नोंदींत डोळे पाणावल्याचे उल्लेख जागोजागी असतात, आणि वाचणारा मात्र कोरडा राहतो, कारण त्याला त्या खोलीत नेलेलेच नसते. औषधांच्या वेळा लिहिलेला कागद आई गेल्यावरही महिनाभर कपाटावर चिकटलेला होता, एवढेच कोणी लिहिले, तर ती नोंद पुरेशी होते.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट पाहावी. वैयक्तिक ब्लॉगमध्ये लेखक एकटा नसतो. त्याच्या घरातील माणसे, मित्र, मुले त्यात येतात आणि त्यांना कोणी विचारलेले असतेच असे नाही. हयात माणसाच्या आजाराचे तपशील, मुलांची ओळख पटेल अशी छायाचित्रे, दुरावलेल्या जोडीदाराविषयीचे एकतर्फी निवेदन हे सगळे प्रामाणिकपणाच्या नावाखाली लिहिले जाते. मी अशा ठिकाणी गुण कापते आणि कारण लिहून देते. आपण स्वतः अशाच वियोगातून नुकतेच गेला असाल आणि ती नोंद शांतपणे वाचवत नसेल, तर तेवढा एक ब्लॉग दुसऱ्या परीक्षकाकडे सोपवावा. त्यात कमीपणा नाही.

प्रश्न: शुद्धलेखनाच्या चुकांना किती गुण कापावेत?

एक चूक शंभर वेळा आली तरी ती एकच धरावी. चूक कोणत्या जातीची आहे हेही पाहावे. ‘त्याना’ आणि ‘त्यांना’ यांतील अनुस्वार घाईत सुटतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सवयीच्या असतात. ‘दऱ्या’ऐवजी ‘दर्या’ उमटणे ही पुष्कळदा कळफलकाची मर्यादा असते, जरी त्यामुळे डोंगरातील दरीचा समुद्र होत असला तरी. बोलीत लिहिलेले मुळीच अशुद्ध धरू नये, मात्र ती बोली नोंदभर टिकली पाहिजे. ज्या चुकांमुळे वाक्य पुन्हा वाचावे लागते, त्यांनाच मी खऱ्या अर्थाने गुण कापते. विरामचिन्हे न वापरता टिंबांच्या रांगांनी वाक्ये जोडलेली असतील, तर तो दोष मी शुद्धलेखनात न धरता लेखनातच धरते, कारण विचार कोठे संपतो हे लेखकाने ठरवलेले नसते.

प्रश्न: भेटी आणि प्रतिक्रिया यांचे आकडे विचारात घ्यावेत का?

घेऊ नयेत. आकड्यांवरून ब्लॉग किती जणांपर्यंत पोहोचला ते कळते, तो कसा लिहिला आहे ते कळत नाही. प्रतिक्रियांना लेखक काय उत्तरे देतो, हे मात्र जरूर वाचावे. तेही त्याचेच लेखन आहे.

प्रश्न: गुणांबरोबर लेखी अभिप्राय द्यायचा आहे. तो कसा लिहावा?

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी एका ब्लॉगविषयी ‘भाषा ओघवती, मांडणी सुधारावी’ असे लिहून दिले. लेखिकेने नम्रपणे विचारले, की मांडणीतील नेमके काय सुधारू? मला सांगता येईना, कारण मी टिपण ठेवलेले नव्हते. पुन्हा ब्लॉग उघडला तेव्हा कळले, की मला खटकलेली शीर्षपट्टी माझ्या जुन्या संगणकाच्या पडद्यावर मजकुरावर येत होती. फोनवर आणि दुसऱ्या संगणकावर ती जागच्या जागी होती. जे तीन गुण मी कापले होते, ते त्या ब्लॉगचे नव्हतेच. निकाल लागून गेला होता. मी तिला पत्र लिहून चूक कबूल केली, पण क्रमांक बदलला नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक ब्लॉग फोन आणि संगणक अशा दोन्ही ठिकाणी उघडते आणि अभिप्रायात तीन गोष्टी लिहिते: कोणत्या नोंदीच्या कितव्या परिच्छेदात माझे वाचन थांबले, कोणती ओळ मी मागे जाऊन पुन्हा वाचली, आणि सर्वांत आधी दुरुस्त करावी अशी एक गोष्ट कोणती. एकच, कारण दहा सूचनांपुढे लेखक हात टेकतो. ‘छान’, ‘सुरेख’, ‘वाचनीय’ हे शब्द मी लिहीत नाही; त्यांऐवजी ती ओळच उतरवून देते. आणि अभिप्राय पाठवण्यापूर्वी ज्या परिच्छेदाविषयी तक्रार केली आहे, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचते. आदल्या रात्री कंटाळवाणा वाटलेला परिच्छेद सकाळी ठीक वाटला, असे निदान तीनदा झाले आहे, आणि त्या तिन्ही वेळा मी अभिप्राय बदलला.