‘किरण’ हे नाव मुलाचे की मुलीचे, आणि ते आडनावही असते का?

मुलगी झाल्यास तिचे नाव किरण ठेवावे, अशी आपली इच्छा आहे, परंतु घरातील मंडळी ते मुलाचे नाव मानतात, असे आपण लिहिले आहे. माझेच नाव किरण असून मी स्त्री आहे, म्हणून उत्तर देते.

‘विखुरणे’ या अर्थाच्या ‘कॄ’ धातूपासून आलेला हा शब्द संस्कृतात पुल्लिंगी आहे. मराठीतही आपण ‘आशेचा किरण’ म्हणतो, हिंदीत मात्र ‘आशा की किरण’ म्हणतात. यष्टिरक्षक किरण मोरे आणि कादंबरीकार किरण नगरकर हे पुरुष. १९७२ मध्ये भारतीय पोलीस सेवेत आलेल्या किरण बेदी आणि २००६ चे बुकर पारितोषिक मिळवणाऱ्या किरण देसाई या स्त्रिया. तेव्हा ‘मुलाचेच नाव’ हा आक्षेप निराधार आहे.

माझ्या लग्नात हाच आक्षेप निघाला होता, कारण माझ्या नणंदेच्या यजमानांचे नावही किरण. ‘जावई किरण आणि सूनही किरण, मग हाक कोणाला मारायची?’ असे म्हणून सासरच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी माझे नाव परस्पर ‘कल्याणी’ ठरवले. तांदळाचे ताट पुढे आले. माझ्या यजमानांनी अंगठीने ‘क’ काढला, माझ्याकडे पाहिले आणि ‘किरण’ असेच लिहिले. त्या बाईंनी तळहाताने तांदूळ सारखे केले आणि पुन्हा लिहायला लावले. माझ्या पदवीवर आणि बँकेत आजही किरणच आहे, त्या घरच्या आमंत्रणपत्रिकांवर मात्र ‘सौ. कल्याणी’ असते. वास्तविक ते किरणराव आणि मी किरण, एवढ्याने भागले असते. शिवाय ‘किरण आला’ की ‘किरण आली’ हे मराठी क्रियापदच सांगते.

आडनावाविषयी: तेलुगू भाषकांत घराण्याचे नाव आधी लिहिण्याची पद्धत असल्याने ‘साई किरण’सारख्या जोडनावातील ‘किरण’ शेवटी येते आणि अर्जात आडनावाच्या रकान्यात जाऊन बसते. उत्तरेत जातिवाचक आडनाव गाळणाऱ्यांच्या बाबतीतही असे घडते, आणि पुढे मुले तेच आडनाव म्हणून लावतात.

एक अडचण मात्र खरी आहे. पत्रांवर ‘श्री.’ छापून येते, त्यामुळे प्रत्येक अर्जातील लिंगाचा रकाना तपासावा लागतो. तरीही हेच नाव ठेवा, आणि ते लग्नात बदलायचे नाही, हे व्याह्यांना बोलणीच्या बैठकीतच सांगा. ताट पुढे आल्यावर कोणी ऐकत नाही.