मिडलबर्गचं ‘स्पोर्टिंग’ ग्रंथालय: बॅट-बॉल शोधायला जाऊ नका

क्रिकेट-बेसबॉलवेड्या मुलाला अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मिडलबर्ग गावचं ‘नॅशनल स्पोर्टिंग लायब्ररी अँड म्युझियम’ दाखवावं का, असं तुम्ही विचारलंय. बॅट-बॉल बघायला नेणार असाल तर नको, पोरगा दहा मिनिटांत ‘घरी चला’ म्हणेल. नावाला मीही फसलो होतो. जुन्या इंग्रजीत ‘स्पोर्ट’ म्हणजे रानावनातले शौक: शिकारी कुत्री सोडून घोड्यावरून कोल्ह्याचा पाठलाग, बंदुकीने पाखरं टिपणं, गळ टाकून बसणं.

मिडलबर्ग हा घोडेवाल्यांचाच मुलूख. ‘क्रॉनिकल ऑफ द हॉर्स’ हे नियतकालिक १९३७ साली इथेच सुरू झालं. त्याचे संपादक अलेक्झांडर मकाय-स्मिथ आणि धनिक जॉर्ज ओरस्ट्रॉम (थोरले) यांनी १९५४ मध्ये हे ग्रंथालय काढलं. ओरस्ट्रॉम पुढच्याच वर्षी गेले, पण ग्रंथालय टिकलं. १९६९ मध्ये ते ‘व्हाइन हिल’ या १८०४ च्या विटांच्या घरात आलं. तिथे वर क्रॉनिकलची कचेरी आणि पुस्तकं तळघरात! तीस वर्षं तसंच चाललं. १९९९ मध्ये शेजारी बग्गीखान्याच्या धाटणीची नवी इमारत झाली, आणि २०११ मध्ये जुनं घर वाढवून त्यात चित्रांचं संग्रहालय थाटलं.

पुस्तकं थेट सोळाव्या शतकापासूनची आहेत. मला मात्र पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट यांचं कोल्ह्याच्या शिकारीवरचं हस्तलिखित जास्त भावलं. हा गडी १८८५ मध्ये घोड्यावरून पडला, हात मोडला, तरी पुन्हा स्वार होऊन शिकार पुरी करूनच थांबला. पुढच्या वर्षी हाच लेख लिहिला. हौसेला मोल नाही म्हणतात ते असं.

पण मुलाला नेलंत तर आधी ग्रंथालयासमोरचा ब्राँझचा घोडा दाखवा. घोड्यांचे शौकीन धनिक पॉल मेलन यांनी टेसा पुलन या ब्रिटिश शिल्पकर्तीकडून तो करून घेतला. अमेरिकेच्या यादवी युद्धात मेलेल्या, जखमी झालेल्या नि रोगाने गेलेल्या १५ लाख घोड्या-खेचरांचं ते स्मारक, दोन्ही बाजूंच्या. आपल्याकडे चौकाचौकांत अश्वारूढ पुतळे असतात, पण बघणाऱ्याची नजर स्वारावरच जाते. इथे स्वारच नाही. मान खाली टाकलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. माझ्या सासूबाई आत चित्रं बघायला आल्याच नाहीत. ‘याला कुणी पाणी तरी दाखवलं असेल का रे?’ म्हणत तिथेच उभ्या राहिल्या.